तुझ्या हातांचं कारण

आये,

तुझे हात बर्फाने गेले नव्हते. हे लिहितानासुद्धा मी एकदा मान वर करून दाराकडे बघितलं. आपल्या घरात, शेजारात, मिरकरवाडा बंदरावरच्या त्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. अमकीचा मुलगा दुबईला आहे, तमकीच्या सुनेला सासूचं पटत नाही, आणि हिचे हात बर्फाने गेले. शाळेत, शिवणाच्या क्लासात, लग्नानंतर सासरी, जिथे कुणी विचारलं तिथे मीही हेच सांगत आले. या वर्षी आधी एका डॉक्टरांनी आणि मग तुझ्या शेजारी बसून कोळंबी सोलणाऱ्या मावशीने मला सांगितलं की तसं काही नव्हतं. मावशीने त्यापुढेही सांगितलं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही. मशीनवर बसते, पायडल मारते, आणि दोरा संपलाय हे बऱ्याच वेळाने लक्षात येतं.

सुरुवात माझ्याच हातांपासून झाली. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत आणि मिटली तर उघडायची नाहीत. चहाचा टोप दोन्ही तळव्यांत धरून उतरवायला लागले तेव्हा हे म्हणाले, "अगो, असा तर तुझी आय धरायची." हे लाँचच्या इंजिनांची कामं करतात, मिरकरवाड्यातच असतात दिवसभर, आणि लग्नाआधीपासून तुला बघत होते. मी हसण्यावारी नेलं. दिवसभर कात्री चालवायची, ब्लाउजांना हूक लावायचे, हात दुखणारच, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे कात्री धरणंच जमेना. कोल्हापूरहून सांध्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा इथल्या एका खाजगी दवाखान्यात येतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या लिव्हरला सोसल्या नाहीत. दुसऱ्या दिल्या, त्यांनी काही फरक पडला नाही. मग एकदा त्यांनी माझं एकेक बोट हातात घेऊन पेरापेराशी दाबलं आणि सलाईनमधून द्यायचं औषध सांगितलं. दिवसभर दवाखान्यात पडून राहायचं, बाटलीतून ते हळूहळू सोडतात, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, आणि मग गरज पडेल तसं. "उशीर नको," ते म्हणाले. "ही दोन बोटं गेली आहेत. बाकीची अजून वाचतील."

लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का असं?"

मी म्हटलं, "नाही. आईचे हात वाकडे झाले होते, पण ते बर्फाने. कोळंबी सोलायची ती."

त्यांनी पेन थांबवलं. बोटं कुठून वाकली होती, दोन्ही हात सारखेच का, सकाळी जास्त दुखायचं का, गुडघे सुजायचे का, असं एकामागून एक विचारत गेले. मी सांगत गेले आणि सांगता सांगताच मला दिसायला लागलं की मी तुझ्याबद्दल बोलतेय की माझ्याबद्दल, काही वेगळं राहिलेलं नाही. ते म्हणाले, "बर्फाने हात दुखतात, कातडी फुटते. सांधे असे वाकत नाहीत. तुमच्या आईला हाच आजार असणार."

"तेव्हा याच्यावर औषध होतं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती.

"होतं," ते म्हणाले. "तुम्हाला सुरुवातीला दिल्या त्याच गोळ्या. आठवड्यातून एकदा घ्यायच्या. मुंबईत तरी नक्की मिळत होत्या." आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला त्यांनी घंटी दाबली. त्यांची काही चूक नाही. बाहेर रांग होती.

तिथून घरापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. तुझे हात मात्र सारखे समोर होते. तू भाकरी थापायचीस ती बोटांनी नव्हे, मनगटाच्या वरच्या मऊ भागाने, आणि तांदळाची भाकरी ती, जराशा दाबाने कडेला फाटायची. फाटली की तू ती तव्यावर टाकायच्या आधी पाण्याचा हात फिरवून सांधायचीस आणि माझ्याकडे बघून म्हणायचीस, "तुझ्यासाठी नकाशा काढलाय." घरात सारखा कशाचा तरी वास असायचा, कधी तापवलेल्या तेलाचा, कधी निर्गुडीच्या पाल्याचा. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून मी तुझ्या हातांना शेक द्यायचे. तू डोळे मिटून बसायचीस. शिवण शिकल्यावर मी स्वतःच्या डोक्याने पहिली गोष्ट केली ती तुझ्यासाठी, तुझ्या पोलक्याचे हूक काढून तिथे नाडी लावली, दातांनी ओढता येईल अशी. तू ते पोलकं घालून शेडमध्ये गेलीस आणि सगळ्या बायकांना दाखवून आलीस. ते जुनं शिवणयंत्रही तूच आणलं होतंस, टेम्पोत घालून, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. ते दारात उतरवून घेताना तू म्हणालीस, "कोरड्या हातांचं काम हाय हे. तू हेच करायचं." मला शेडमध्ये तू कधी बसू दिलं नाहीस. इतर घरांतल्या मुली सुट्टीत आयांबरोबर सोलायला जायच्या. मला तू उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाहीस.

आता विम्याचं सांगते, कारण तुझ्यापर्यंत मी पोचले ती त्या वाटेने. तुझ्या वेळी आपल्याकडे हे नव्हतं. माणूस आजारी पडायच्या आधी दरवर्षी कंपनीकडे हप्ता भरायचा आणि पडला की कंपनीने दवाखान्याचा खर्च द्यायचा, अशी ती सोय आहे. आमची पॉलिसी बरीच जुनी, माझे हात धडधाकट होते तेव्हा काढलेली, आणि एकदाही वापरलेली नाही. औषध महाग, आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून दवाखान्यातल्या विमा खिडकीवरून कंपनीकडे आधी मंजुरी मागायची होती. मंजुरी आली की औषध मागवायचं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, दोन दिवसांत येईल.

आला तो नकार. पेशंटला दवाखान्यात दाखल करण्याची गरज दिसत नाही, असं कळवलं होतं. डॉक्टरांनी कोल्हापुरातून लिहून पाठवलं की हे औषध घरी देता येत नाही, देताना दर थोड्या वेळाने रक्तदाब बघावा लागतो, अंगावर उठलं तर तिथल्या तिथे इलाज करावा लागतो. त्यावर काही दिवस शांतता. माझी तर्जनी त्या दिवसांत बाहेरच्या अंगाला झुकायला लागली. मी रोज सकाळी ती टेबलाच्या कडेला लावून बघायचे, कालच्यापेक्षा जास्त झुकली का.

मग दुसरा नकार आला, आणि तो वाचून मी खिडकीसमोरच्या बाकावर बसूनच राहिले. डॉक्टरांनी माझ्या कागदात एक ओळ लिहिली होती, आईला हाच आजार असण्याची शक्यता. तेवढी ओळ कंपनीने उचलली होती. घरात हा आजार आहे हे पेशंटला माहीत होतं आणि पॉलिसी घेताना ते लपवलं, असं त्यांचं म्हणणं. मी लपवलं. ज्या गोष्टीचा मला स्वतःलाच दोन महिन्यांपूर्वी पत्ता लागला, ती मी कित्येक वर्षांपूर्वी लपवली.

मी फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. "मॅडम, आईच्या ट्रीटमेंटचे पेपर्स पाठवा, आम्ही परत बघतो."

"आई वारली. मला मूल व्हायच्या आधीच वारली."

"सॉरी मॅडम. पण तेव्हाचे पेपर्स असतील ना?"

"औषधच झालं नाही तिला. कागद कुठून येणार?"

"मग तसं लिहून द्या, मॅडम. आईला या आजाराची ट्रीटमेंट कधी झाली नव्हती, निदान झालं नव्हतं. आईला ओळखणाऱ्या कुणाची तरी सही घ्या."

फोन ठेवल्यावर मी ते ह्यांना सांगायला गेले. तुला कुणी डॉक्टर मिळाला नव्हता याचा पुरावा मी द्यायचा होता. तू तशीच राहिलीस, शेक घेत, तेल चोळत, याचा दाखला आणायचा, म्हणजे माझे हात वाचतील. आये, मला तो अपमान वाटला, तुझा. पण तर्जनीकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरकरवाड्यात मावशीकडे गेले.

मावशी आता फार म्हातारी झाली आहे. दारात पाय पसरून बसली होती, समोर सुकत घातलेले बोंबील, हातात कावळे हाकायची काठी. मी समोर बसून सगळं सांगितलं. तिने माझे हात आपल्या हातांत घेतले, उलटे-सुलटे करून बघितले आणि सोडून दिले.

"एवढंच लिहायचंय मावशे, की आयेला कधी डॉक्टरचं औषध नव्हतं. खाली तुझी सही किंवा अंगठा."

"देते," ती म्हणाली. "कुठं लावू सांग." आणि मग जरा थांबून, "पण तू कागदासाठी विचारतेस, की तुला खरं पायजे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही नाय जमायचं."

तिने काठी आपटून एक कावळा उडवला. मग तिने सांगायला सुरुवात केली.

शेडमध्ये सगळ्यांचेच हात खराब व्हायचे. बर्फात बुडवलेल्या कोळंबीत सकाळपासून हात, बोटं फुटायची, नखं सुटायची, मीठ लागलं की जीव जायचा. बायका मालकाकडे रबरी हातमोजे मागत होत्या आणि मध्ये मध्ये हात शेकायला गरम पाणी. तो ऐकून घ्यायचा आणि विसरायचा. "आमची फुटलेली बोटं त्याला दिसायची नायत," मावशी म्हणाली. "तुझ्या आयेचे हात वाकडे व्हायला लागले नि ते दिसले." एक दिवस कुणीच कामाला हात लावला नाही. कोळंबी तशीच टपांत. मालक आला तेव्हा बायकांनी तुला पुढे केलं. तू दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरलेस. त्या आठवड्यात हातमोजे आले. गरम पाण्याची बादलीही आली.

हे मला अर्धवट माहीत होतं. ते नारिंगी हातमोजे मला आठवतात, कारण तू तुझे घरी आणून मला दिले होतेस, भांडी घासायला. तुझी वाकलेली बोटं त्यांत जात नव्हती.

"मोजे आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मुंबयला तुझ्या मामाकडं गेली," मावशी म्हणाली. "मामानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलंन. रक्त काढलंनी, फोटो काढलंनी. तिथली डॉक्टरीण म्हणाली, बर्फाचा काय संबंध नाय. हा आजार अंगातलाच हाय. गोळ्या दिलंनी, आठवड्याला एकदा खायच्या. तपासायला परत या म्हणाली."

मग आम्ही बर्फ का म्हणत राहिलो, हे मी विचारलं की नाही आठवत नाही.

"तुझी आय आली ती मला समुद्राच्या अंगाला घेऊन गेली नि सगळं सांगितलंन. मालक तेव्हा रोज कुरकुरत होता. म्हणायचा, फाटले की नवीन देणार नाय, डॉक्टरचं लिहून आणा की बर्फानं होतं. आणि हिला डॉक्टरीण सांगते बर्फानं नाय. मला म्हणाली, हे कळलं तर तो म्हणेल, बायका खोटं बोलल्या. मोजे काढून घेईल, पाणी बंद करील. मग म्हणाली, आपण बर्फच म्हणायचं. कागद मामाकडंच टाकून आली होती."

"आणि गोळ्या?"

"होत्या तेवढ्या खाल्लंन. मग संपल्या. परत मुंबयला कोण जाणार? इथल्या डॉक्टराकडं मागायच्या तर तो मालकाच्या घरचाच डॉक्टर. दुसऱ्या दिवशी मालकाच्या कानावर." मावशीने माझ्याकडे नीट बघितलं. "आणि त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, ते पण होतं. गोळी घेतली की दोन दिवस जेवायची नाय. सगळं आमच्यासाठी केलंन, असं मी म्हणणार नाय. पण गप्प बसली ती आमच्यासाठी. मला शपथ घातली होतीन. आज मोडली."

मी उठले. तिने चहा घेऊन जा म्हटलं, मी ऐकलं नाही. लिलावाच्या गर्दीतून, टोपल्यांतून, बर्फ फोडणाऱ्या माणसांतून मी चालत निघाले आणि चालतच राहिले. भाट्याच्या पुलावर पोचले तेव्हा कळलं की घर कधीच मागे राहिलं. खाली खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि एकच दिवस आठवत होते. मी सातवी-आठवीत असेन. शाळेतून येताना जेटीवर बर्फाचा एक मोठा तुकडा पडलेला, काचेसारखा. मी तो उचलून दोन्ही हातांत धरला, वितळतो कसा बघायला. तू शेडमधून धावत आलीस आणि माझ्या हातांवर अशी चापट मारलीस की तुकडा गटारात गेला. "हात मोडून घ्यायचेत माझ्यासारखे?" तू ओरडलीस. मागे सगळ्या बायका दारात येऊन उभ्या होत्या, आणि आये, त्यांच्या हातांत ते नारिंगी मोजे होते. मला स्पष्ट दिसतंय. म्हणजे तो दिवस मुंबईनंतरचा. म्हणजे तुला माहीत होतं की बर्फाने काही होत नाही, आणि तरी तू मला मारलंस. त्या बायकांना दिसावं म्हणून? की दारामागे मालक होता? की डॉक्टरणीने सांगूनसुद्धा तुझ्या मनाने बर्फाला सोडलं नव्हतं आणि तू खरोखरच घाबरलीस? मी पुलावर उभी राहून हे पुन्हा पुन्हा उलगडत होते. अजून मला उत्तर आलेलं नाही. येणारही नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी एक कोरा कागद आणून माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, "लिही की काय झालं नव्हतं म्हणून. मामा गेला, मामी गेली. कोण बघायला येणाराय?"

खरंच कुणी येणार नव्हतं. पण माझ्याने ते लिहवेना. सकाळी मी घरातून निघाले तेव्हा ते वाक्य खरं होतं. दुपारी परत आले तेव्हा खोटं झालं होतं. आणि दुसरं, खरं जे होतं, ते लिहून देणं म्हणजे तू आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट एका अनोळखी कंपनीच्या हातात ठेवणं, आणि त्या कंपनीने ती माझ्याच विरुद्ध वापरणं. मी कोरा कागद पुढे घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिले. कालवण तसंच चुलीवर आटत होतं. हे पलीकडे बसून आमची जुनी पॉलिसी चाळत होते, काढताना भरलेला अर्ज तिला जोडलेला असतो, तो. ह्यांना असलं वाचायची सवय नाही, एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते. तुम्हाला मधुमेह आहे का. तुम्हाला हृदयाचा आजार आहे का. तुम्हाला सांधेदुखी, तुम्हाला दमा. शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून आले.

"सगळीकडे तुम्हाला, तुम्हालाच हाय," हे म्हणाले. "आयशीचं कुठं विचारलानी?"

मी कागद ओढून घेतला. कुठेच विचारलं नव्हतं. आईला काय होतं, बापाला काय होतं, एकही प्रश्न नव्हता. पॉलिसी देताना जे त्यांनी विचारलंच नाही, ते मी लपवलं म्हणत होते. मला आधी हसू आलं आणि मग मी तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला.

त्या महिन्याच्या भेटीत डॉक्टरांना अर्ज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सविस्तर पत्र लिहून दिलं, की पेशंटची लक्षणं पॉलिसीनंतर कित्येक वर्षांनी सुरू झाली आणि आईला आजार असला म्हणून मुलीला तो आधीपासून होता असं होत नाही. शेवटी मला म्हणाले, "बहुतेक मुलींना होतही नाही हा. तुम्हाला झाला एवढंच." कंपनीच्या तक्रार विभागाला मी माझं वेगळं पत्र लिहिलं. आईच्या आजाराबद्दल पॉलिसी घेताना विचारलं नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर मी आता देणार नाही, एवढं एकच वाक्य मी चार वेळा खोडून नीट केलं. मंजुरी नाही दिलीत तर विमा लोकपालाकडे जाईन, हे ह्यांनी खाली घालायला लावलं.

काही दिवसांनी तक्रार विभागातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी माझ्या तारखा विचारल्या, लक्षणं कधीपासून, पहिला डॉक्टर कोण. मी सांगितलं. मला वाटलं आता तुझं विचारतील आणि मी छातीत हवा भरून तयार झाले. त्यांनी विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत असताना फोन वाजला आणि पडद्यावर मंजुरीचा मेसेज होता. टेप माझ्या हातात, ती बाई पाठ करून उभी, "झालं का?" विचारते आहे, आणि मी तिथेच गारठले. आनंद झाला असं मी म्हणू शकत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या प्रश्नासाठी मी मावशीकडे गेले, तो विचारायचा त्यांना अधिकारच नव्हता. आणि त्यांनी तो विचारला नसता तर तुझं मला कधी कळलंच नसतं.

औषध दिलं त्या दिवशी मला खिडकीजवळची खाट मिळाली होती. सिस्टरने हाताची शीर शोधली, आधी दुसरी दोन इंजेक्शनं दिली, अंगावर पुरळ येऊ नये म्हणून, आणि मग बाटली लावली. थेंब पडतो आणि पुढचा पडेपर्यंत वेळ असतो. शेजारच्या खाटेवर राजापूरहून आलेली एक बाई होती, तिला रक्त चढवत होते. ती बोलकी होती, कलमांना या वर्षी मोहोर कसा उशिरा आला ते सांगत होती. मी हो हो म्हणत होते. सिस्टर आली, रक्तदाब बघितला, "डोळ्यांत पाणी का? दुखतंय?" म्हणाली. मी म्हटलं, नाही, औषधाने गुंगी आलीय. दुपारपर्यंत बाटली संपली. काहीच झालं नाही. काही होतच नाही त्या दिवशी, लोकांना वाटतं उठून बसल्यावर हात सरळ होतील. ते हळूहळू आलं, दुसरी बाटली झाल्यावर, एका सकाळी मी चहाचा टोप कानाला धरून उतरवला आणि खाली ठेवल्यावर लक्षात आलं. दोन बोटं आता तशीच राहणार आहेत. तर्जनी थांबली आहे. कात्री चालते, जाड कापडाला जरा त्रास होतो. पुन्हा औषध लागेल तेव्हा पुन्हा मंजुरी मागावी लागेल आणि पुन्हा काय काढतील देव जाणे.

मावशीला बातमी द्यायला मी गेले होते. तिने माझी बोटं एकेक करून मिटवून बघितली, उघडून बघितली. शेडमधल्या पोरींना अजून हातमोजे मिळतात, असं तिने मला मुद्दाम सांगितलं. आता मालकाचा मुलगा बघतो सगळं, कुणी मागायच्या आधीच खोकं येतं, का येतं ते त्यालाही माहीत नसेल. मग तिने विचारलं, "तुला आयेचा राग आलाय काय गो? मी सांगायला नको होतं काय?" तिचा चेहरा इतका घाबरलेला होता की मी तिचा हात धरून म्हटलं, नाही मावशे, आये बरोबर वागली, मीही तेच केलं असतं. तिला केवढं हायसं वाटलं. तिने मला सुके बोंबील बांधून दिले.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. ह्यांनासुद्धा नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचवायची काही सोय नाही, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मी मावशीला जे म्हणाले ते अजून मला वाटत नाही. त्या बायकांचे हात वाचले हे मला कळतं. पण मला तुझे हवे होते.